इतवारी पचारेचा मृत्यूचा दाखला

१

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक म्हातारा मुलचेऱ्याच्या तहसील आवारात आला आणि त्यानं स्वतःच्या मृत्यूचा दाखला रुखमाबाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे वाचून सांगा बाई," तो म्हणाला. "मी मेलो म्हन्ते."

रुखमाबाईंनी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत धोतर, पिंढऱ्यांवर वाळलेला चिखल, खांद्यावर जाळं आणि जाळ्यात अडकून राहिलेली बोटभर मासोळी. मेलेल्या माणसाच्या मानानं गडी चांगलाच टवटवीत होता. मग त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. नाव, इतवारी सोमाजी पचारे. वय एकाहत्तर. मृत्यूचा दिनांक २१ जानेवारी २०२५. मृत्यूचे ठिकाण, राहते घर, मौजा कोपरटोला. खाली शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे होतं.

"हे कुठी भेटलं तुमाले?"

"रेशनच्या मशीनवर अंगठा उठेना. दुकानदार म्हने, तुमचं नाव कटलं. गिरामपंचायतीत गेलो तं तिथल्या काम्पुटरवालीनं हे छापून देल्लं. वरून म्हन्ते कशी, वारसदाराले पाठवा! आता मी जानेवारीत मेलो, तं सहा महिने तलावात मासे कोन मारून राह्यला?"

रुखमाबाईंना एकदम तरतरी आली. एकतीस वर्षं त्यांनी तहसीलच्या नक्कल शाखेत काढली होती. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवायचा, त्या कोतवाल पंज्यांच्या फाटक्या पानांतून त्यांनी हजारो लोकांचे आजे-पणजे शोधून दिले होते. निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी त्यांना घर खायला उठलं. नवव्या दिवशी त्यांनी याच आवारात टिनाच्या शेडखाली टेबल टाकलं आणि अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाची नोंद सापडत नाही, हे दुखणं घेऊन रोज कोणीतरी येई. जिवंत माणसाची सापडली, असं मात्र पहिल्यांदाच घडत होतं.

या उत्साहात, टेबलाच्या पलीकडे बाकावर बसलेल्या मुलीचा त्यांना साफ विसर पडला.

ती रंजीता पचारे. तीही कोपरटोल्याचीच, वय अठरा. कोपरटोल्यात अर्धं गाव पचारे आहे, त्यामुळे आडनावावरून कोण कोणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. रंजीताची आई ती लहान असतानाच गेली होती आणि वडील, चैतू पचारे, यंदा जानेवारीत गेले. गडचिरोलीला नर्सिंगच्या शिक्षणात अनाथ मुलींसाठीच्या जागेवर तिचं नाव लागलं होतं. आईचा दाखला होता, वडिलांचा नव्हता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो दिला नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. आज तिची सहावी खेप होती. मृत्यू जिथे होतो तिथल्याच दप्तरात त्याची नोंद होते, हा नियम. चैतू घरीच वारला होता. म्हणजे नोंद कोपरटोल्यातच हवी. आणि कोपरटोल्याचं लेखी उत्तर पाचही वेळा एकच होतं, "अशी नोंद आढळून येत नाही."

"आजी, माहा अर्ज?" रंजीतानं हळूच विचारलं.

"उद्या ये पोरी. हे जरा मोठं प्रकरण दिसते."

"उद्या गुरुवार आहे, आजी."

"मालूम आहे मले," असं म्हणत रुखमाबाईंनी स्कूटीची चावी उचललीसुद्धा. मुलीचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला, पण डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. जिवंत माणसाला कागदावर कोणी मारतं ते फायदा असल्याशिवाय नाही. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "भाऊ, तुमी मेल्यानं कोनाचं भलं होते?"

इतवारीनं जाळं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"माह्या पुतन्याचं," तो म्हणाला. "मच्छीमार सोसायटीत माह्या जागेवर त्यानं आपलं नाव लावलं. वारस म्हनून. एप्रिलमंदीच. मले कालच समजलं."

२

प्रफुल तलावाच्या पाळीवर डोंग्याची फळी ठोकत होता. स्कूटीवर मागे काकाला पाहताच त्याचा हातोडा हवेतच थांबला. तिशीचा, दणकट, पण बाईमाणसानं दटावलं तर मान खाली घालणारा.

"काऊन रे," रुखमाबाईंनी गाडी लावता लावताच तोफ डागली, "काका डोळ्यासमोर जाळं टाकून राह्यला, अन् तू त्याचा वारस?"

"बाई, ऐका तं..."

"ऐकाले आली मी. सांग."

प्रफुलनं हातोडा खाली ठेवला. एप्रिलमध्ये त्यानं ग्रामपंचायतीत लावलेल्या यादीत काकाच्या नावापुढे 'मयत' पाहिलं होतं. सोसायटीत मयताची जागा तीन महिन्यांत वारसानं मागितली नाही तर बाहेरच्याला जाते. म्हणून त्यानं मागितली.

"अन् मले सांगतलं नाई!" इतवारी कडाडला.

"सांगतलं असतं तं तुमी गाव डोक्यावर घेतलं असतं."

"मंग काय मेल्यावानी गप बसू?"

म्हातारा जाळ्यासकट पुतण्यावर धावून जाणार, तेवढ्यात रुखमाबाई मध्ये उभ्या राहिल्या. प्रफुलला चांगलं बदडावं असं त्यांनाही वाटलं, पण बदडून तारीख कळत नाही. "एकवीस जानेवारी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कुठी होता तू?"

"सकाळी इथीच, गिरामपंचायतीत. मंग चंद्रपूरले गेलो, दवाखान्यात."

"दवाखान्यात कायले?"

"काका भरती होता नं! डोक्यात मलेरिया गेल्ता. पंधरा तारखेले नेलं, फेब्रुवारीत वापस आनलं. दवाखान्यात रहिवासी दाखला मांगत होते. तोच न्याले मी ग्रामसेवकाकडे आल्तो. त्यायले सांगतलं, काका लई सिरियस आहे, आजचा उद्या होईल का नाई भरोसा नाई, लवकर द्या."

रुखमाबाईंनी हातातला दाखला पुन्हा वर धरला. मृत्यूचे ठिकाण, राहते घर. आणि त्या दिवशी हा माणूस शंभर किलोमीटरवर सलाईन लावून पडला होता! ज्यानं हे कळवलं त्याला इतवारी दवाखान्यात आहे हे ठाऊकच नव्हतं, किंवा ठाऊक असून तो खोटं बोलला. आणि खरं सांगायचं तर रुखमाबाईंना फार मजा येत होती.

"गावात कोनाकोनाले मालूम होतं, काका दवाखान्यात आहे म्हनून?"

"साऱ्यायले. आशाताईनंच तं गाडी बलावून त्यायले आत निजवलं. आमची सोनीबाई." प्रफुल जरा अडखळला. मग त्यानं इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "बाई, मी नाव लावलं हे खरं. पन मारलं मी नाई. एप्रिलमंदी मी काम्पुटरवालीले इचारलं होतं, काका मेल्याचं कळवलं कोनं. ते म्हने, आशाची चिठ्ठी आहे फाईलीत."

३

सोनीबाई रोवण्यात होती. बांधीतल्या गुडघाभर चिखलात दहाबारा बायांची रांग वाकून धानाची रोपं लावत मागे मागे सरकत होती. रुखमाबाईंनी पाळीवरून हाक मारली तशी त्यातली एक कंबर धरून सरळ झाली आणि हात धूत बांधावर आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बारा वर्षांपासून गावची आशा. कोणाला ताप आला, कोण बाळंत झालं, कोण गेलं, हे कळवायचं काम तिचं.

"जानेवारीत तुमी इतवारीभाऊ मेल्याची चिठ्ठी देल्ली?"

"मी?" सोनीबाईचे डोळे मोठे झाले. "इतवारीभाऊची? ज्या मानसाले म्या माह्या हातानं गाडीत घातलं, त्याले मी मारीन? देवाशपथ बाई, इतवारीभाऊचं नाव म्या कुठीच लिवलं नाई."

"मंग कोनाचं लिवलं?"

"जानेवारीत एकच चिठ्ठी देल्ली म्या. आमच्याच घरची. रंजीताच्या बाबाची." तिनं ओले हात लुगड्याला पुसले. "अन् तेच सापडत नाई म्हन्ते. सायब म्हन्ते आलीच नाई. आता गाव म्हन्ते, काकूनं मुद्दाम देल्ली नाई, पोट्टी शिकून मोठी होईल म्हनून काकूच्या पोटात दुखते. बाई, ते पोट्टी माह्या घरात जेवते. तिले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली मले."

"तुमची रंजीता कोन लागते?"

"माह्या घरवाल्याच्या मोठ्या भावाची पोरगी नं."

रुखमाबाईंनी मान हलवली. मनातून त्यांना थोडं टोचलंही, कारण त्याच मुलीला त्यांनी सकाळी उद्यावर ढकललं होतं. पण एका वेळी एक, असं स्वतःला बजावून त्यांनी पुन्हा मुद्द्याला हात घातला. इतवारीशी काही भांडण होतं का? होतं, सोनीबाईनं सरळ सांगितलं, बोअरिंगच्या पाण्यावरून, मागच्या वर्षी. मग दोघांनी एकमेकांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि ते मिटलं.

ही बाई खोटं बोलत नव्हती. एकतीस वर्षं टेबलापलीकडची माणसं पाहिल्यावर एवढं कळतं. खोटं बोलणारा आधी कागद मागतो आणि मग बोलतो. हिनं कागदाकडे पाहिलंही नव्हतं.

ग्रामपंचायतीत रुखमाबाई पोचल्या तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. ग्रामसेवक राजदीप शेळके यांनी आधी फाईल सापडत नाही म्हणून सांगितलं. मग कपाटाची चावी सापडत नाही म्हणून सांगितलं. मग रुखमाबाईंनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि पाण्याचा गिलास मागवला, तेव्हा दोन्ही सापडलं.

आणि फाईलीच्या मध्यावर ती चिठ्ठी होती. शाळेच्या वहीचं पान, निळी शाई, खाली सोनीबाईची सही. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'इतवारी'.

४

"बघितलंत?" राजदीपनं सुटकेचा निःश्वास टाकला. तो सव्वीस वर्षांचा, कोल्हापूरकडचा पोरगा. जानेवारीच्या दहा तारखेला इथे रुजू झाला होता. दोन गावांचा कारभार, आठवड्यातले दोन दिवस कोपरटोला. "मी काय मनानं लिहिलं न्हाई. आशाची लेखी चिठ्ठी हाय. पण बाई, जिवंत माणसाचा दाखला काढला म्हणून मला घरी बसवतील हो. नोकरी लागून वर्ष न्हाई झालं. म्हणून फाईल दाखवायला जीव घाबरत होता."

"घाबरू नोका. मी तुमाले खाऊन टाकत नाई." रुखमाबाईंनी चिठ्ठी उजेडात धरली.

ग्रामसेवक साहेबांस,
मोठे पचारे इतवारी मेले. घरीच. नोंद घ्यावी.
सोनीबाई, आशा. दि. २१/१

"मले सांगा," त्या म्हणाल्या, "हे आल्यावर तुमी काय केलं?"

"त्याच सकाळी तो प्रफुल येऊन गेलता, काका लई सिरियस हाय म्हणून. दुपारी ही चिठ्ठी टेबलावर. मला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले असतील, घरी आणलं असंल, गेले. मतदार यादी काढली. गावात इतवारी पचारे एकच, वय एकाहत्तर, सगळ्या पचाऱ्यांत मोठे. बसलं की सगळं! तारीख चिठ्ठीवरची घातली."

सगळं बसलं होतं, आणि तरी काहीच बसत नव्हतं. चिठ्ठी सोनीबाईनं लिहिली हे खरं. इतवारीचं नाव लिहिलं नाही अशी तिनं देवाची शपथ घेतली, तेही रुखमाबाईंना खरंच वाटत होतं. मग हा शब्द कागदावर आला कुठून? मागून कोणी घुसडला म्हणावं तर अक्षर तेच, शाई तीच, शब्दांतलं अंतरही सारखं.

अक्षर नीट ताडून पाहावं म्हणून त्यांनी फाईलीतल्या सोनीबाईच्या बाकीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. जुन्या ग्रामसेवकाच्या काळातल्या, दोनतीन वर्षांच्या.

शांताबाई भानारकर सोमवारी मेल्या. घरीच.

जयराम गुरनुले बुधवारी मेले. दवाखान्यात.

कवडू मेश्राम शुक्रवारी मेले. वावरात, साप.

रुखमाबाईंनी त्या एकदा वाचल्या. मग बोटानं एकेक शब्द दाबत पुन्हा वाचल्या. बाई शिस्तीची होती. आधी माणूस, मग वार, मग मेले, मग कुठे. बारा चिठ्ठ्या, बाराही एकाच ठशाच्या. एकाही चिठ्ठीत ती वार लिहायला विसरली नव्हती.

तेराव्या चिठ्ठीत वार कुठे होता?

त्या खुर्चीवरून ताडकन उठल्या. गिलास कलंडला, पाणी मतदार यादीवर सांडलं, राजदीप "अहो बाई, अहो बाई" करत फडकं शोधू लागला. त्यांनी त्याचा दंड धरून त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं आणि पानं उलटत जानेवारीवर नेलं.

"एकवीस तारखेले कोनता वार?"

"मंगळवार."

"त्याच्या दोन दिवस आधी?"

"एकोणीस... रविवार."

"तुमच्या कोल्हापुरात रविवार. आमच्या गावात त्या दिवसाले काय म्हन्ते, सायब?"

राजदीपनं चिठ्ठी उचलली. मग त्या एका शब्दावर बोट ठेवून त्यानं ती पुन्हा वाचली.

५

गुरुवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत माणसं मावत नव्हती. इतवारी, प्रफुल, रोवण्यातून चिखलाच्या पायांनी आलेली सोनीबाई, दाराशी रंजीता, आणि खिडकीच्या गजांतून अर्धं गाव. रंजीताला रुखमाबाई पहाटेच जाऊन स्वतः घेऊन आल्या होत्या. का ते सांगितलं नव्हतं. त्यांना रात्रभर झोप नव्हती, आनंदानंही आणि लाजेनंही.

"आयका," रुखमाबाई म्हणाल्या. "कालपास्नं मी दोन भानगडी आहे म्हनून फिरून राह्यली. एक मानूस जित्ता अन् त्याचा दाखला हाजर. दुसरा मानूस गेला अन् त्याचा दाखला गायब. अरे बाप्पा, भानगड एकच आहे! ह्याचा जास्तीचा दाखला तोच त्याचा कमी पडलेला."



"सोनीबाईनं जानेवारीत एकच चिठ्ठी देल्ली. फाईलीत तिची जानेवारीतली एकच चिठ्ठी आहे. ते म्हन्ते मी इतवारीभाऊचं नाव लिवलं नाई. खरं बोलते. तिनं नाव लिवलंच नाई, तिनं वार लिवला!" त्यांनी चिठ्ठी वर धरली आणि शब्द तोडून तोडून वाचली. "मोठे पचारे. इतवारी मेले. घरीच. रविवारच्या दिवशी गेले, असं."

"पण बाई," राजदीप म्हणाला. कालपासून त्याच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. "बाकीच्या चिठ्ठ्यांत पूर्ण नाव हाय. ह्याच चिठ्ठीत 'मोठे पचारे' का? नाव लिहिलं असतं तर माझी चूकच झाली नसती."

"ते सोनीबाईले इचारा. सोनीबाई, रंजीताच्या बाबाचं नाव काय?"

सोनीबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तिनं रंजीताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग जमिनीकडे. "तुमाले तं मालूम आहे बाई."

"तुमी सांगा."

"कशी सांगू? भासरे होत नं माहे."

खिडकीतल्या बाया एकदम "हाव नं बाई" म्हणून उठल्या. राजदीप गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहिला, तेव्हा इतवारीनंच त्याला समजावलं. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर बाई पदर घेते, त्याच्या बाजेवर बसत नाही आणि त्याचं नाव तोंडातून काढत नाही. लिहीतही नाही. घरचे मोठे म्हणते.

"अन् तुमी," इतवारी म्हणाला, "गावातला वयानं मोठा पचारे शोधला. तो मीच निंघालो!" मग तो गुडघ्यावर थाप मारून खो खो हसत सुटला. "म्हन्जे मले कोनं मारलंच नाई! मी आपला इतवारच्या दिवशी पैदा झालो म्हनून मेलो!"

त्याच्या हसण्यानं खिडकीतलं गावही हसलं. प्रफुल मात्र हसला नाही. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून काकाच्या हातात ठेवला. सोसायटीतला अर्ज मागे घेत असल्याचं त्यात लिहिलं होतं. इतवारीनं तो उलटासुलटा पाहिला, पुतण्याच्या पाठीत एक धपका घातला आणि कागद धोतराच्या कनवटीला खोचला.

दाराशी रंजीता उभी होती, तिच्या चेहऱ्यावर मात्र अजून काही उमटलं नव्हतं. "आजी," ती म्हणाली, "मंग माह्या बाबाची नोंद तं झालीच नाई नं? आता नवीन कराले लागन. सहा महिने झाले. वरून हुकूम आनाव लागते, सारे सांगते. उद्या बारा वाजता..."

"नवीन कराचीच नाई!" रुखमाबाईंनी टेबलावर हात आपटला. याच एका वाक्यासाठी त्या रात्रभर जाग्या होत्या. "उशीर झालाच नाई पोरी. तुहा बाबा इतवारी गेला, मंगळवारी चिठ्ठी पोचली, त्याच दिवशी रजिस्टरात नोंद झाली. सारं टायमात. फक्त नाव, वय अन् तारीख चुकली. उशिराच्या नोंदीले हुकूम लागते. चुकीले दुरुस्ती लागते, अन् ते ह्याच टेबलावर होते. कळवनाऱ्याचा जबाब, अन् ज्यायले खरं मालूम आहे असे दोन साक्षीदार."

राजदीपनं काल संध्याकाळीच वरच्या कार्यालयात फोन करून सगळं कबूल केलं होतं. बोलणी खाल्ली, पण दुरुस्तीला होकार मिळाला होता. त्यानं कोरा फॉर्म पुढे सरकवला. साक्षीदार म्हणून पहिली सही इतवारीनं ठोकली. कागदावर तो अजून मयतच होता, पण त्याची त्याला काही फिकीर नव्हती. दुसरी प्रफुलनं केली.

मग पेन सोनीबाईपुढे आलं.

"बाई, तुमी लिवा," ती कुजबुजली. "मी खाली सही करतो."

"नाई चालत. कळवनारीनं आपल्या हातानं लिवाचं, अन् सायबासमोर वाचून दाखवाचं."

"मले नाई होत, बाई. बावीस वर्षं झाली ह्या घरात येऊन. एकडावही..."

रुखमाबाई टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेल्या. आता त्यांच्या आवाजातली घाई उतरली होती. "माह्या मानसाचं नाव मीही घेत नोती," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं. तो गेला, अन् त्याच्या मयतीच्या फारमवर मलेच लिवाव लागलं. पन लिवलं नसतं तं तो कुठीच राह्यला नसता, घरात नाई अन् कागदातही नाई. तुमचे भासरे सहा महिन्यापास्नं तसेच आहे. नाव घेतल्यानं मान जाते म्हन्ता. न घेतल्यानं तं मानूसच गेला नं, सोनीबाई."

सोनीबाईनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, भासरे समोरच बाजेवर बसलेले असावेत तसा. ओले हात लुगड्याला पुसले. पेन घेतलं आणि फॉर्मवर वाकली. पहिलं अक्षर जरा तिरकं गेलं. बाकीची सरळ आली.

"आता वाचा ताई," राजदीप हलकेच म्हणाला.

सोनीबाईनं फॉर्म उचलला, पण ती त्याच्याकडे वळलीच नाही. ती दाराकडे वळली, रंजीताकडे.

"चैतू," ती म्हणाली. मग तिनं पूर्ण वाचलं. "चैतू माधोजी पचारे. उमर एकसष्ट. एकोणीस जानेवारीले, इतवारी मेले. घरीच. रंजीताचे बाबा."

खिडकीत कोणी हसलं नाही. रंजीता आली ती सरळ काकूच्या गळ्यातच पडली. पाच वेळा तिच्या हातात 'आढळून येत नाही' असा कागद देण्यात आला होता, आणि गावानं सहा महिने तिच्या वडिलांना 'तुहा बाबा', 'ते गेले ते', 'मयत' एवढंच म्हटलं होतं. ती इतकी रडली की सोनीबाईच्या खांद्यावरचा पदर भिजला. मागे छपाईच्या यंत्रात राजदीपनं कागद सरकवला आणि ते घरघरू लागलं. रुखमाबाईंनी चष्मा काढून पुसला. कालची सकाळ आठवून त्यांना स्वतःचा राग येत होता आणि तरी त्यांना आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

"काकू," रंजीता हुंदके देत म्हणाली, "आनखी एकडाव म्हन नं."

आणि सोनीबाईनं म्हटलं.